लग्नाची पहिली ऑर्डर घेण्याआधी : सांगली-सातारा भागातल्या नव्या फोटोग्राफरांसाठी

कॅमेरा घेतला, चुलतभावाच्या लग्नात चार फोटो चांगले आले, आणि आता गावातलं कुणीतरी म्हणतंय, ‘आमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो तूच काढ.’ आपल्याकडं बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मी सांगलीत राहतो आणि मिरज, तासगाव, विटा, कराड, वाई या पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी करतो. नवी पोरं मदतीला येतात, तेव्हा तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एका जागी लिहितोय.

कॅमेऱ्याची सेटिंगं यूट्यूबवर पाहिजे तेवढी सापडतात. पण आपल्याकडच्या लग्नात पुढच्या दोन मिनिटांत काय होणार, कोण कुठं उभं राहणार, कुणाचा मान कशात आहे, हे कुणी सांगत नाही. फोटो हुकतात ते बहुतेक याच अडाणीपणामुळं. त्यामुळं या लेखात लेन्सपेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलंय.

१. तारीख लिहून घेण्याआधी

आपल्याकडं ऑर्डर फोनवर ठरते आणि दराचा विषय ‘करू की हो, घरचंच आहे’ इथं थांबतो. पुढची निम्मी भांडणं या एका वाक्यातून निघतात. ऑर्डर घरची असो की परकी, एक पानाचा कागद करा, दोघांच्या सह्या घ्या. त्यात एवढं हवंच:

- कार्यक्रम कोणकोणते : साखरपुडा, हळद, लग्न, वरात, सत्यनारायण, जागरण-गोंधळ. ‘लग्न’ म्हणजे तुमच्या मनात एक दिवस असतो, त्यांच्या मनात तीन.
- तुमची माणसं किती येणार. कॅन्डिड (नकळत टिपलेले), ट्रॅडिशनल (उभं करून काढलेले) आणि व्हिडिओ वेगळे की एकत्र.
- अल्बम किती शीटचा, कोणत्या आकाराचा, एक की दोन. जादा शीटचा दर काय.
- पैसे कधी : तारीख धरताना बयाणा, मोठा हप्ता हळदीच्या आधी, उरलेले अल्बम हातात देताना. मोठा हप्ता लग्नानंतर ठेवू नका. लग्न झालं की घर मोकळं झालेलं असतं, मनानंही आणि खिशानंही.
- तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर बयाण्याचं काय.
- फोटो तुम्ही तुमच्या पेजवर दाखवू शकता का.

शेवटचा मुद्दा बरेच जण सोडून देतात. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणं, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे बटण तुम्ही दाबलं तरी फोटो त्यांचा. तेव्हा एक ओळ लिहून घ्या, आणि नवरीला किंवा तिच्या घरच्यांना फोटो टाकलेले चालत नसतील तर ते मुकाट्यानं मान्य करा.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, दुसऱ्या बाजूचा फोटोग्राफर आहे का? आपल्याकडं वधू आणि वर दोन्ही पक्ष आपापला माणूस आणतात आणि अक्षतांच्या वेळी चौघं एकमेकांच्या फ्रेममध्ये उभे राहतात. त्याचा नंबर घ्या, आदल्या दिवशी फोन करा, कोण डावीकडं कोण उजवीकडं हे ठरवा. दुसरं, वय. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण आहे ना, हे स्पष्ट विचारा. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ मध्ये बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शंका आली तर ऑर्डर सोडा, आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर कळवा.

धंद्याची कागदपत्रं फार नाहीत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. कॅमेरा-लेन्सची बिलं आणि सिरीयल नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार देताना किंवा विमा मागताना तेच लागतात.

२. लग्नघरी जाऊन एक तास बसा

ही पायरी कुणीच करत नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घरी जा. चहा होईल. पत्रिका मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. मुहूर्त, कार्यालय, दोन्हीकडच्या घरांची नावं, निमंत्रक, सगळं त्यात असतं. मग घरातल्या एखाद्या काकूंना किंवा आत्यांना गाठा. नवरदेवाच्या वडलांना विधी विचारू नका, ते ‘सगळं नेहमीसारखंच’ म्हणतील. बायकांना क्रम तोंडपाठ असतो.

विचारायचं ते असं : मुहूर्तमेढ कधी? देवक कुठून आणणार? परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, निघणार का, आणि कोणत्या मारुतीला जाणार? हळद आधी कुणाकडं, उष्टी हळद कोण घेऊन जाणार? नवरीला मंडपात कोण आणणार, मामा आहेत का? लाजाहोम, सप्तपदी अक्षतांच्या आधी की नंतर? विहिणींची पंगत आहे का?

सगळ्या घरांत हा क्रम नसतो. सांगली-मिरजेत मराठा, धनगर, जैन, लिंगायत, ब्राह्मण, बौद्ध, मुस्लिम अशा सगळ्यांच्या ऑर्डरी येतात. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील होतं, अंतरपाट नसतो. निकाहला बायकांची बैठक बऱ्याचदा वेगळी असते, तिथं बाई फोटोग्राफरच लागते, ती आधी ठरवा. सातारा भागात सत्यशोधक पद्धतीनं लागणारी लग्नंही आहेत. तिथं भटजी नसतो आणि मंगलाष्टकं वेगळी असतात. ‘मला माहितीय’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्यात कसं करतात?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारा. लोक आनंदानं सांगतात.

नंतर माणसांची यादी. वहीत दोन रकाने करा, नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे. आई-वडील, आजी-आजोबा, मामा, आत्या, करवल्या, आणि ज्यांच्यावाचून लग्न होणार नाही असे दोघं-तिघं. कुठल्याशा गुरुजींनी मुलीला दहावीपर्यंत शिकवलेलं असतं, कुणी शेजारीण आईसारखी असते. त्यांच्या नावापुढं खूण करा. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा : ‘स्टेजवर चढू न शकणारं कोण आहे?’

ती बहुतेक आजी असते. गुडघे दुखतात म्हणून पहिल्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली, नवी इरकल नेसलेली. स्टेजवरच्या एकाही फोटोत ती नसते. अक्षतांच्या आधी, गर्दी होण्यापूर्वी तिच्यापाशी जा, गुडघ्यावर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून दोन-तीन फोटो घ्या. जमलं तर नवरीला तिच्याजवळ घेऊन या. पुढं काही वर्षांनी त्याच घरातून फोन येतो, ‘आजीचा एखादा चांगला फोटो असेल का, मोठा करायचाय.’ तेव्हा तो तुमच्याकडं असला पाहिजे.

३. बॅगेत काय हवं

- दोन कॅमेरे. दुसरा भाड्यानं आणा, पण दोन हवेतच. शक्यतो दोन कार्डं बसणारे, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीवर जातो.
- २४-७० आणि ७०-२०० लेन्स. बजेट कमी असेल तर ३५ आणि ८५ ची प्राइम (झूम न होणारी) जोडी. अरुंद घरातल्या हळदीला ३५ फार कामाची.
- दोन फ्लॅश, ट्रिगर, दोन स्टँड, वाळूच्या पिशव्या. पंख्याच्या वाऱ्यानं आणि पोरांच्या धावपळीनं स्टँड पडतात.
- फ्लॅशचे रिचार्जेबल सेल दोन संच, कॅमेऱ्याच्या किमान चार बॅटऱ्या, एक्स्टेन्शन बोर्ड. दारातल्या मांडवात सगळं जनरेटरवर असतं आणि तो नेमका कधी बंद पडेल सांगता येत नाही.
- लहान क्षमतेची जास्त कार्डं. सगळं लग्न एकाच मोठ्या कार्डात भरू नका.
- हवा मारायचा ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, प्लॅस्टिकचं कव्हर, सेफ्टी पिना, पांढरा रुमाल.
- काळा किंवा गडद साधा शर्ट. लाल झब्बा घालून गेलात तर तुम्ही व्हिडिओत प्रत्येक फ्रेमला दिसाल.

निघण्यापूर्वी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकसारखी लावा, सेकंदापर्यंत. दोन माणसांचे तीन हजार फोटो नंतर वेळेनुसार लावताना घड्याळ दहा मिनिटं पुढं-मागं असेल, तर पाठवणी आधी आणि मंगळसूत्र नंतर येतं.

४. कार्यालयातला उजेड आधी बघा

मंगल कार्यालय आदल्या दिवशी बघून या. आपल्याकडं तीन प्रकार भेटतात.

पत्र्याचं उंच छत : इथं फ्लॅश वर मारून काही उपयोग नाही, उजेड परत येतच नाही. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत, डोक्याच्या वर दोन-तीन फूट उंचीवर एकेक फ्लॅश स्टँडवर लावा आणि किंचित आत वळवा.

कापडी मांडव : गुलाबी, पिवळ्या, जांभळ्या कापडावर फ्लॅश मारला की तोच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. वर मारू नका, थेट पण पसरवून मारा. दिवसा ऊन कापडातून गाळून येतं तेव्हा पांढरा रुमाल धरून व्हाइट बॅलन्स हातानं लावा.

एलईडी वॉल आणि रंगीत पार लाइट (स्टेजवर झोत टाकणारे दिवे) असलेला हॉल : हल्ली हेच जास्त. मांडववाल्याला किंवा लाइटवाल्याला नम्रपणे सांगा की विधीच्या वेळी लाल-निळे लाइट बंद ठेव आणि समोरून पांढरा दे. तो ऐकतो, त्याला फक्त आधी सांगावं लागतं. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झमुळं बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर आडवे पट्टे कमी येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि सायलेंट शटर बंद ठेवा, पट्टे सगळ्यात जास्त त्याच्यामुळं येतात. मागच्या एलईडी वॉलचा हिशेब वेगळा असतो, त्यावर आधी दोन-चार फोटो काढून बघा.

पट्ट्यांचा त्रास नसेल तर फ्लॅश लावून हॉलमध्ये मी साधारण १/१६०, एफ ४, आयएसओ ८०० ते १६०० इथून सुरुवात करतो आणि मग बदलतो. मोड मॅन्युअल, फोटो रॉ. ऑटोवर ठेवलं की पांढऱ्या फेट्यासमोर नवरदेव काळा पडतो आणि काळ्या कोटासमोर नवरी पांढरी.

५. हळद

आपल्याकडं हळद घरची, ओंजळीनं उधळली जाते, आणि ती सगळीकडं घुसते. अंगणात पाऊल टाकण्याआधी लेन्स लावून घ्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत बदलू नका. पुढं यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक. कोरडी हळद पडली तर आधी ब्लोअरनं उडवा, लगेच पुसायला जाऊ नका. कण काचेवर घासले जातात. ओली लागली तर ओलसर कापडानं टिपा.

रंगाचा खरा घोळ इथंच होतो. समोर सगळंच पिवळं असतं : चेहरा, साडी, झेंडूच्या माळा, कापड. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स ते पिवळं ‘दुरुस्त’ करायला जातो आणि मागची माणसं निळसर पडतात. व्हाइट बॅलन्स हातानं लावून तिथंच ठेवा. दुसरं, हळद लागलेल्या गालावर लाल चॅनेल लवकर जळतो, म्हणजे लाल रंगातला बारीक तपशील पार उडून जातो. मागच्या स्क्रीनवर फोटो ठीक दिसतो, पण एडिटिंगला बसलं की गालावर नुसता पिवळा डाग असतो, कातडीचा पोतच नाही. एक्स्पोजर तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा आणि रंगांचा वेगळा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत राहा. नंतर कॉम्प्युटरवर रंगाचं तापमान (टेम्परेचर) न हलवता फक्त पिवळ्याची तीव्रता थोडी उतरवा.

जागा कुठली धरायची? पाटावर बसलेल्या नवरीच्या समोर, जमिनीवर बसून. उभं राहून काढलात तर फक्त बायकांच्या पाठी आणि अंबाडे येतात. पहिल्या पाच सुवासिनींची हळद शांतपणे होते, तेव्हा जवळून घ्या : आंब्याचं पान, जात्यावरचे हात, ओवी म्हणणाऱ्या बाईचा चेहरा. त्यानंतर पाच मिनिटांत सगळं हाताबाहेर जातं. भाऊ, वहिन्या, मैत्रिणी तुटून पडतात, नवरीच्या तोंडाला हळद लागते, कुणीतरी बादली आणतं. ते यायच्या आत मागं सरका आणि लांबच्या लेन्सवर या. तेव्हाचे हसरे चेहरे लांबूनच चांगले मिळतात.

रात्री डीजे असेल तर लेसर लाइटकडं लक्ष ठेवा. लेसरचा किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा पडू शकतात. लेसर फिरतोय त्या दिशेला कॅमेरा रोखून उभं राहू नका, वाटेल तेवढा चांगला फोटो दिसत असला तरी.

६. अक्षता : ते एक मिनिट

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा छापलेला असतो आणि परण्या सव्वाबारालाही मारुतीच्या देवळापाशी नाचत असतो. मग एकदम घाई उठते. आमदार, चेअरमन, सरपंच यांचे सत्कार, फेटे, नारळ, आशीर्वादाची भाषणं एका दमात चालू होतात. त्या गडबडीत तुम्ही सत्काराचे फोटो काढत बसलात तर अक्षतांची जागा गेली. सत्काराला दुसरा माणूस लावा, तुम्ही नवरीच्या वाटेवर थांबा. मामा तिला घेऊन येतात तो फोटो एकदाच मिळतो.

स्टेजवर नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट. समोरच्या गर्दीच्या बाजूनं काढलं तर दोघांचे बाजूचे चेहरे आणि मध्ये अंतरपाटाची कड मिळते, हा मुख्य फोटो. दुसऱ्या कॅमेऱ्यानं स्टेजवर नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीचा चेहरा घ्या. अंतरपाट दूर होतो तेव्हा ती पहिल्यांदा बघते. दोघं दोन ठिकाणी हवेत. एकट्यानं दोन्ही जागा होत नाहीत. एकटेच असाल तर समोरची जागा धरा.

मुंडावळ्यांचं लक्षात ठेवा. मोत्यांच्या सरी चेहऱ्यापुढं लोंबत असतात आणि फोकस डोळ्याऐवजी सरीवर बसतो. डोळे ओळखणारा फोकस असेल तर तो चालू ठेवा आणि अधूनमधून फोटो मोठा करून तपासा. नसेल तर एकच बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा, एफ २ वर जाण्याचा मोह टाळून एफ ४ वर राहा.

मंगलाष्टकं मोजू नका. घरच्या बायका आणखी दोन म्हणतात, मग माइकवर कुणी स्वतः रचलेलं म्हणतं. कान ठेवायचा तो ‘तदेव लग्नं’वर. ते सुरू झालं की शेवट आला. ‘सावधान’बरोबर अक्षता उडतात, वाजंत्री वाजते, अंतरपाट उत्तरेला ओढला जातो. उडणारे तांदूळ हवेत थांबवायचे तर शटर १/५०० च्या आसपास हवं, म्हणजे साध्या फ्लॅशवर विसंबता येत नाही. हाय-स्पीड सिंक (जलद शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) लावा किंवा आयएसओ वाढवून हॉलच्या उजेडावर जा. बर्स्ट मोड लावून ठेवा.

लगेच हार. आधी कोण घालणार हे भटजींना पाच मिनिटं आधी विचारून ठेवा. मित्र नवरदेवाला उचलून धरतात हेही आता ठरलेलंच आहे, तेव्हा लेन्स रुंद ठेवा, नाहीतर फेटा फ्रेमबाहेर जातो.

मागून ‘ओ फोटोवाले, खाली बसा की! आम्हाला दिसंना!’ अशी हाक येणारच. हात वर करून ‘बसतो काका’ म्हणा आणि खरोखर खाली बसा. ती माणसं पन्नास मैलांवरून दोन तांदूळ टाकायला आलेली असतात.

७. मंगळसूत्र, होम, सप्तपदी, कानपिळी

भटजींशी सुरुवातीलाच दोन शब्द बोला, नमस्कार करा, कुठून काढू विचारा. एकदा त्यांनी तुम्हाला आपलं मानलं की मंगळसूत्राच्या वेळी ते स्वतः थांबतात आणि ‘झालं का?’ विचारतात.

मंगळसूत्र घालताना मागून बायका मदतीला वाकतात आणि सगळं झाकून टाकतात. नवरदेवाच्या विरुद्ध बाजूनं, थोडं वरून काढा. होमाचा धूर पंख्याच्या वाऱ्यानं एका बाजूला जातो. तुम्ही उलट बाजूला बसा आणि धुरावर फ्लॅश मारू नका, नुसता पांढरा पडदा येतो. सप्तपदीला जमिनीलगत कॅमेरा ठेवून तांदळाच्या राशी आणि नवरीचं पाऊल घ्या, मग एक रुंद फोटो.

कानपिळी काही सेकंदांत संपते. नवरीचा भाऊ कुठंय यावर आधीपासून नजर ठेवा. तो पुढं सरकला की कॅमेरा वर.

८. ग्रुप फोटो

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अल्बम आला की घरातली माणसं सगळ्यात आधी इथंच बोट ठेवतात. यादी खिशात ठेवा. दोन्ही घरांकडून एकेक माणूस मागून घ्या, ज्याला सगळी नाती माहिती आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. तो हाका मारेल, तुम्ही फोटो काढाल.

म्हातारी माणसं आधी, कारण ती जेवून लगेच गाडीत बसतात. मग आई-वडील आणि भावंडं, मग मामाकडचे, आत्याकडचे, शेवटी मित्रमंडळ. दोन रांगा असल्या तर एफ ५.६ ते ८, नाहीतर मागची रांग अंधूक येते. प्रत्येक ग्रुपचे तीन फोटो, डोळे मिटतात म्हणून. आणि आहेराच्या रांगेतला एकही माणूस सोडू नका. त्या फोटोवरून कोण आलं होतं हे घर वर्षभर बघत असतं.

९. वरात आणि पाठवणी

रात्रीच्या वरातीत शटर १/१५ ते १/३० आणि रिअर कर्टन फ्लॅश, म्हणजे शटर मिटता मिटता उडणारा. दिव्यांच्या रेघा येतात आणि नाचणारा स्पष्ट राहतो. घोड्याच्या डोळ्यांवर जवळून फ्लॅश मारू नका, तो बुजला तर वर नवरदेव बसलेला असतो.

पाठवणीला फ्लॅश बंद. लांबची लेन्स लावून बाजूला उभे राहा. कुणाला ‘परत एकदा मिठी मारा’ म्हणू नका. नवरीचे वडील बऱ्याचदा गाडीच्या मागच्या बाजूला एकटे उभे असतात. त्यांचा एक फोटो घ्या आणि कॅमेरा खाली करा.

१०. प्री-वेडिंग आणि ड्रोन

साताऱ्याला लोक कास पठार मागतात. पश्चिम घाटाच्या २०१२ च्या जागतिक वारसा यादीत कास आहे. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, प्रवेश फी आणि मर्यादा आहेत. फुलांत बसून फोटो काढायचा हट्ट जोडप्यानं धरला तर सरळ नाही म्हणा, तुडवलेली जागा पुढच्या वर्षी तशी फुलत नाही. त्यापेक्षा वाईजवळचा मेणवलीचा घाट, लिंबची बारामोटेची विहीर, सांगलीकडं हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम सकाळी नऊच्या आत फार सुंदर दिसतात. मंदिर, वाडा किंवा संरक्षित वास्तू असेल तर परवानगी आधी घ्या, कपडे बदलायची सोय विचारून ठेवा. आणि जोडप्याच्या घरचं शेत विसरू नका. तासगावकडची द्राक्षबाग किंवा तुरे आलेला ऊस त्यांचा स्वतःचा असतो, तो कुठल्याही लोकेशनपेक्षा त्यांना जवळचा वाटतो. फक्त बागेत नुकतीच फवारणी झालीय का ते विचारा.

ड्रोनचं : ड्रोन नियम २०२१ प्रमाणं २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला नोंदणी आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ग्रीन झोनमध्ये (नकाशावर उडवायला मोकळा दाखवलेल्या भागात) ४०० फुटांपर्यंतच. कराडला विमानतळ आहे, त्या बाजूला नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवू नका. प्रमाणपत्र नसेल तर असलेला माणूस भाड्यानं घ्या. वरातीतल्या गर्दीच्या डोक्यावर तर कधीच नको.

११. घरी आल्या रात्री

कितीही दमला असलात तरी झोपण्याआधी कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि उघडून तपासा. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉर्मॅट करू नका. तिसरी प्रत दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर ठेवा. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरंच्या घरं पाण्यात गेली, त्यात लोकांचे लग्नाचे अल्बमही गेले. त्या वेळी फोटोग्राफरकडं प्रत शिल्लक असली तरच ते परत मिळणार होते. नदीकाठी राहत असाल तर डिस्क वरच्या मजल्यावर.

१२. निवड आणि अल्बम

आठ दिवसांत पन्नास-साठ चांगले फोटो पाठवून द्या. घर खूश होतं आणि तुम्हाला बाकीच्या कामाला सवड मिळते. नंतर निवडीसाठी सगळे फोटो क्रमांकासह द्या आणि निवडीची तारीख कागदावर लिहा. ही तारीख नसली की निवड सहा महिने पेनड्राइव्हमध्ये पडून राहते, आणि अल्बम उशिरा दिल्याचं खापर तुमच्यावर फुटतं.

डिझाइन लॅबला पाठवण्याआधी पीडीएफ दोन्ही घरांना दाखवा. त्यांना तीन गोष्टी तपासायला सांगा : पहिल्या पानावरची नावं आणि तारीख बरोबर आहे का, घरातलं कुणी राहिलंय का, आणि शीटच्या मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येतोय का. पीडीएफ बघितल्याचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. त्यानंतरचा बदल जादा दरानं, हे करारात आधीच लिहिलेलं असू द्या. होकार आला की लॅबला फाईल पाठवा, आणि अल्बम आला की तो पोस्टानं न धाडता स्वतः घेऊन जा. उरलेला हप्ता तेव्हाच मिळतो, आणि पुढची ऑर्डर बहुतेक वेळा त्याच ओसरीवर, अल्बम बघायला जमलेल्या शेजाऱ्यांतून येते.